जागेवरची सायकल

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा. वही-पेन्सिल घेऊन बसावं असं आमचं बोलणं नाही. मधेमधे चार आकडे येतील, तेवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झालं.

आम्ही कृष्णाकाठच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. बारा जणी आहोत. मागच्या दिवाळीनंतर आमच्या गटानं एक वस्तू घेतली आणि तेव्हापासून गावात आमच्यावर हसणं चालू आहे. शेळ्या घेतल्या, शिलाई मशीन घेतलं, पापडाचं यंत्र घेतलं, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. यावेळी आम्ही सायकल जागेवर उभी करायचं यंत्र घेतलं. ट्रेनर म्हणतात त्याला. त्यावर आपलीच सायकल बसवायची, चढायचं, पायडल मारायचं, घाम काढायचा आणि जिथं होतो तिथंच उतरायचं. पारावरच्या एका मामांनी विचारलं, "काय गं, कुठवर जाऊन आलीस?" आमच्यातली एक म्हणाली, "वॉटोपियाला." मामांना वाटलं तालुक्याला नवीन हॉटेल निघालं.

वॉटोपिया काय ते पुढं सांगतो. आधी हे यंत्र आमच्याकडं आलं कसं ते ऐका, कारण हौस म्हणून आम्ही ते घेतलेलं नाही.

आमच्या गटातल्या आक्कांची नात अकरावीला आहे. आठवीपासून ती सायकलवर शाळेला जायची. येऊन-जाऊन चौदा किलोमीटर. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिचे पाय बघितले आणि शर्यतीत उतरवली. पुढं कुणाकडून तरी जुनी रेसिंगची सायकल मिळवली, वाकड्या हँडलची, पातळ टायरची. पोरगी पहाटे पाचला उठून जायला लागली. आक्का दारात उभ्या राहायच्या, ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले. उसाच्या पट्ट्यातल्या बायांना वेगळं सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना दिवा ना चमकणारी पट्टी. एका संध्याकाळी ही पोरगी क्लासवरून परत येत होती. अंधारात उभी असलेली ट्रॉली तिला दिसली ती अगदी जवळ गेल्यावर. ती वाचवायला वळली आणि खडीवरून घसरली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून आज आम्ही तुमच्याशी असं बोलू शकतोय.

तिचे वडील त्या रात्री एकच वाक्य बोलले, "सायकल बंद." आणि ती वाकड्या हँडलची सायकल माळ्यावर टाकली.

आम्हाला खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींना वडिलांचं बरोबर वाटलं. आपलं लेकरू असतं तर आपण काय केलं असतं? पण आक्का बैठकीत रडल्या. आक्का रडणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी जेवते, अभ्यास करते, सगळं करते. फक्त बोलत नाही."

खेळाचे सर भेटायला आले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. मॅथ्यू हेमन नावाचा ऑस्ट्रेलियाचा माजी सायकलपटू आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत एका शर्यतीत पडून त्याच्या हाताचं हाड मोडलं. दीड महिन्यावर फ्रान्समधली पॅरिस-रूबे शर्यत होती. अडीचशे किलोमीटरच्या वरची शर्यत, त्यात मैलोन् मैल जुन्या दगडी फरसबंदीचे रस्ते. हेमननं हात प्लास्टरमध्ये असताना घरातच ट्रेनरवर सायकल लावली, समोर स्क्रीनवर झ्विफ्ट नावाचं ॲप लावलं आणि रोज पाय चालवत राहिला. १० एप्रिलला तो शर्यतीत उतरला आणि जिंकला. वय ३७. सर म्हणाले, "हात मोडलाय, पाय नाहीत मोडले."

हाडाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन आठवडे थांबायला लावलं, मग म्हणाले, "मोडलेल्या हातावर भार द्यायचा नाही, घाम प्लास्टरमध्ये जाऊ द्यायचा नाही, एवढं सांभाळत असाल तर पाय चालवू द्या." ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी आमचं ऐकून नाही, आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं. हाड कुठं आणि कसं मोडलंय त्यावर सगळं असतं.

मग गटाच्या बैठकीत विषय आला. सरांच्या ओळखीनं शहरातून जुना ट्रेनर मिळत होता, साडेचार हजाराला. एक जण म्हणाली, "म्हैस घ्यायला कर्ज दिलं तर दूध तरी येतं." दुसरी म्हणाली, "हप्ता कोण फेडणार?" बरंच तोंडाला तोंड झालं. शेवटी कर्ज आक्कांच्या नावावर न टाकता वस्तू गटाची करायची असं ठरलं. पोरीनं चालवायचं, आणि ज्या बाईला चालवायचं तिनं अर्ध्या तासाला पाच रुपये डब्यात टाकायचे. हा डबा म्हणजे बोर्नव्हिटाचा जुना डबा. पहिल्या महिन्यात त्यात पासष्ट रुपये जमले. हसू नका, आता त्यापेक्षा बरे जमतात.

आता वस्तू कशी असते ते सांगतो. लोखंडी नळ्यांचा घडीचा स्टँड असतो, मोठ्या इंग्रजी ए अक्षरासारखा दिसतो. सायकलच्या मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी त्यात आवळून धरायचा. मागचं चाक जमिनीपासून थोडं उचललं जातं आणि एका छोट्या रोलरवर टेकतं. रोलरच्या एका टोकाला चकती आणि लोहचुंबक असतात, दुसऱ्या टोकाला छोटं जड चाक. हँडलला एक खटका बांधायचा. तो पुढं सरकवला की पायडल जड, मागं घेतला की हलकं. एवढंच. वीज लागत नाही, हे आमच्यासारख्यांना फार सोयीचं. लाइट गेली तरी सायकल चालते, पंखा तेवढा बंद पडतो.

याहून महाग ट्रेनरही असतात. त्यात मागचं चाक काढून साखळी सरळ यंत्रालाच जोडतात, आणि ॲपमध्ये चढ आला की पायडल आपोआप जड होतं. त्यांच्या किमती ऐकून आम्ही विषयच सोडला. आमचा साधा.

साध्याची पहिली अडचण आसाची. पोरीच्या रेसिंग सायकलला हातानं उघडायची दांडी असते, ट्रेनरबरोबर तसलीच लोखंडी दांडी येते, ती घातली की काम झालं. पण तुमच्या-आमच्या घरातल्या सायकलींना, शाळेतून पोरींना मिळणाऱ्या सायकलींना, मागं नटबोल्ट असतात. आम्ही उत्साहानं दुसऱ्याच आठवड्यात शाळेची सायकल तशीच नटावर आवळली. आमच्यातली एक जण चढली, चार पायडलं मारली आणि सायकल एका बाजूनं निसटून ती कडेच्या गव्हाच्या पोत्यावर पडली. पोतं होतं म्हणून बरं. नंतर कळलं, त्यासाठी ट्रेनरच्या तोंडात बरोबर बसणारे वेगळे नट मिळतात. आम्ही मागवले, तर दुकानदारानं दुसऱ्याच मापाचे पाठवले, परत करण्यात तीन आठवडे गेले. तेव्हा आधी आसाची जाडी आणि आट्यांचं माप बघा, मग पैसे पाठवा. आणि सायकल बसवली की चढायच्या आधी दोन्ही हातांनी सीट धरून गदागदा हलवून बघा. हलली तर चढू नका.

दुसरं टायरचं. गोट्यागोट्यांचा टायर असेल तर रोलरवर पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो. गुळगुळीत टायर लागतो. तो रोलरवर घासून तापतो आणि झिजतो, म्हणून आम्ही चांगला टायर रस्त्यासाठी ठेवतो आणि जुना ट्रेनरला. हवा प्रत्येक वेळी सारखीच भरायची. रोलर टायरला नुसता टेकला की तिथून स्क्रू दोन फेरे आवळायचा, रोज तेवढेच. का, ते पुढं सांगतो. पुढच्या चाकाखाली एक फळी ठेवायची, म्हणजे सायकल उतारावर असल्यासारखी वाटत नाही. आणि खाली जुनी वाकळ घाला. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतील तर दोन वाकळा घाला.

आता ॲपचं. ॲपला आपण सायकल चालवतोय हे कळायला एक सेन्सर लागतो. डबीएवढी वस्तू, मागच्या चाकाच्या मध्यावर रबरानं बांधायची. पुढच्या चाकाला बांधून उपयोग नाही, ते फिरतच नाही. आम्ही बांधला होता, आणि अर्धा तास फोनला शिव्या दिल्या. सेन्सरमध्ये बटणासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, गाडीच्या किल्लीत असतो तसला. तो ब्लूटूथनं फोनला जोडायचा. आमचा सेन्सर एका वेळी एकाच फोनशी बोलतो. पोरीच्या फोननं पकडला असेल तर आमच्या फोनला सापडतच नाही. असं झालं तर सेन्सर बिघडला म्हणून टाकून देऊ नका, आधी घरात दुसरा कुणाचा फोन चालू आहे ते बघा.

ॲप चालू केलं की स्क्रीनवर एक रस्ता दिसतो आणि त्यावर सायकलवर बसलेली एक बाई. ती बाई म्हणजे आपण. आपण पाय मारले की ती चालते, थांबलो की ती थांबते. आक्कांनी पहिल्यांदा बघून विचारलं, "ही बया कोण? आणि हिचं घरचं आवरून झालंय का?" वॉटोपिया हे झ्विफ्टमधल्या मनानं रचलेल्या बेटाचं नाव. तिथं समुद्र आहे, ज्वालामुखी आहे, जंगल आहे. फ्रान्समध्ये आल्प दुएझ नावाचा प्रसिद्ध घाट आहे, एकवीस वळणांचा. त्याच्यावरून त्यांनी बेटावर तसाच घाट केला आहे, साडेबारा किलोमीटरला थोडा कमी, आणि चढ हजार मीटरच्या वर. त्या रस्त्यांवर जगभरातली माणसं आपापल्या घरातून चालवत असतात. कुणी पुढं जाताना अंगठा दाखवतं. आमच्यातल्या एकीला कुण्या परक्या देशातल्या बाईनं अंगठा दाखवला तर ती पायडल सोडून हात जोडायला लागली.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथं आम्हीही फसलो होतो. साध्या ट्रेनरला ॲपचा चढ कळत नाही. स्क्रीनवर घाट आला तरी पायडल तेवढंच राहतं, फक्त स्क्रीनवरची बाई हळू होते. आणि उलट, ॲपला आपला खटकाही कळत नाही. ॲपला एकच गोष्ट कळते, मागचं चाक किती जोरात फिरतंय. आपण कोणता ट्रेनर वापरतो हे यादीतून निवडून सांगितलं की त्यावरून ते अंदाज बांधतं, की या ट्रेनरवर चाक एवढ्या वेगानं फिरवायला एवढे वॅट ताकद लागते. हा अंदाज खटका एका ठरावीक आकड्यावर आहे असं धरून बांधलेला असतो. खटका कोणत्या आकड्यावर ठेवायचा ते तिथंच सांगितलेलं असतं. आम्ही काय केलं, खटका अगदी हलका ठेवून जोरात चाक फिरवलं, आणि आमच्यातली पन्नाशीची जाऊबाई घाटात सगळ्यांच्या पुढं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पोरगी शांतपणे म्हणाली, "काकी, ही चोरी आहे." म्हणून खटका ठरल्या जागी ठेवायचा आणि जोर वाढवायचा असेल तर गिअर बदलायचा किंवा पाय भरभर मारायचे. हवा आणि स्क्रूचे फेरे रोज सारखे का, तेही याचसाठी. रोलर सैल असला तर चाक फुकट फिरतं आणि आकडा फुगतो. चाकाचं मापही ॲपमध्ये बरोबर टाकावं लागतं, पोरीची सायकल काढून शाळेची लावली की ते बदलायचं.

वॅट म्हणजे किती, तर जुना पिवळा बल्ब साठ वॅटचा असायचा तो आठवा. आम्ही बहुतेक जणी साठ-सत्तर वॅटवर गप्पा मारत चालवतो. पोरगी त्याच्या तिप्पट लावते आणि तेव्हा ती गप्पा मारत नाही.

आणि वजन. ॲप वजन विचारतं, कारण चढावर जड माणसाला जास्त ताकद लागते. आमच्यातल्या एकीनं बारा किलो कमी सांगितलं. वर्षभर कुणाला कळलं नसतं, पण ती चढावर एवढी जोरात सुटली की तिची तिलाच शंका आली. खरं वजन टाका बायांनो, तिथं आपल्याला बघायला नवरा नाही की नणंद नाही.

पैशाचं सांगायचं तर झ्विफ्टला महिन्याला २० डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे आपले दीड हजाराच्या वरच. आम्हाला ते परवडणारं नव्हतं. पोरीच्या सरावाचे दोन महिने तेवढे सरांनी आणि आम्ही मिळून भरले. मायवूश नावाचं दुसरं ॲप फुकट आहे, आणि २०२४ ची जागतिक ई-सायकल स्पर्धा त्याच्यावरच झाली. पण कोणतंही ॲप घेताना आपला साधा ट्रेनर आणि नुसता वेगाचा सेन्सर त्यात चालतो का, हे आधी बघा. सगळ्यात चालतोच असं नाही. ॲप उतरवायला बराच डेटा लागतो, तालुक्याला वायफाय असेल तिथं ते काम उरकून घ्या. एकदा उतरवलं की चालवताना डेटा कमी लागतो, कारण रस्ता फोनमध्येच असतो. खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ दाखवणारी ॲप असतात त्यांना मात्र जास्त लागतो. आणि ज्यांच्याकडं सेन्सर नाही, ॲप नाही, त्यांनी समोर घड्याळ ठेवावं किंवा आपला रेडिओ लावावा. आम्ही अजूनही बऱ्याच जणी तसंच करतो. घाम तेवढाच येतो.

आता आम्ही बाया कशा चढलो ते. पोरगी शाळेला गेली की यंत्र रिकामं. आमच्यात चौघींना साखर आहे. प्रत्येकीला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. मोठ्या माणसानं आठवड्याला निदान दीडशे मिनिटं बऱ्यापैकी दमेल असं हालचालीचं काम करावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण चालायचं कुठं? पहाटे कुत्री, दिवसा काम, संध्याकाळी ट्रॉल्या. आणि गावातून नुसतं चालत निघालं की चार जण विचारतात, "कुठं निघालीस?" कुठंच नाही, असं उत्तर बाईला देता येत नाही. ट्रेनरवर मात्र ते उत्तर चालतं.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या वर कुणी जाऊ नका. चालवता चालवता बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर हळू करा. सीटची उंची बघा. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ झाला पाहिजे. आम्ही सुरुवातीला सीट खाली ठेवली, पाय टेकावेत म्हणून, आणि गुडघे धरले. अहो, सायकल पडणारच नाही तर पाय टेकायचे कशाला! साखरेची गोळी किंवा इंजेक्शन घेणारीनं उपाशीपोटी चढू नये, जवळ गूळ-साखर ठेवावी, हातपाय थरथरले की उतरून खावी. छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. हृदयाचं दुखणं असेल, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढूच नका. घरात वारा लागत नाही त्यामुळं फार उकडतं, पंखा असेल तर समोर लावा, नसेल तर दारात बसवा. घाम हँडलवर आणि नळीवर पडून गंज धरतो, म्हणून वर टॉवेल टाका.

आणि पदर. साडी नेसून चालवायचं असेल तर पदर खोचून भागत नाही. मागं चाक उघडं फिरत असतं आणि ते पुढं सरकत नसल्यानं आपल्याला त्याचं भान राहत नाही. आमच्यातल्या एकीची ओढणी रोलरमध्ये गेली. गळ्याला हिसका बसला, बाजूला दुसरी उभी होती तिनं चाक धरलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आमचा नियम, ओढणी खुंटीला. सलवार घोट्याला रबरानं बांधायची. आणि एकटीनं चालवायचं नाही, दुसरी बाजूला पाहिजेच. लहान पोरांना तर त्या खोलीत सोडायचंच नाही. फिरणारं चाक आणि रोलर यांच्यात बोट गेलं तर बोट राहत नाही. चालवून झालं की सायकल काढून ठेवा किंवा खोलीला कडी लावा.

पोरीकडं वळतो. प्लास्टरच्या दिवसांत ती रोज संध्याकाळी चालवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आक्कांशी भांडली, आणि आक्का आम्हाला आनंदानं सांगत आल्या की पोरगी भांडली. वडील पण दारात येऊन बघायला लागले. एकदा त्यांनीच चाकात हवा भरून ठेवली.

प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, आणि मग वडील म्हणाले, "आता कशाला बाहेर जायचं? घरातच चालव की. जगाच्या रस्त्यावर चालवतेयस, गावच्या रस्त्यावर काय ठेवलंय?"

आणि हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला. कारण ते यंत्र आम्हीच आणून दिलं होतं. पोरगी बाहेर जायची तिला आत बसवायला आम्हीच सोय करून दिली, असं झालं. आमच्यात यावरून पुन्हा दोन तट पडले. एक म्हणाली, "घरात राहून जगाची शर्यत होते म्हणतात ना?" ते खोटं नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं ९ डिसेंबर २०२० ला पहिली जागतिक ई-सायकल स्पर्धा घेतली ती झ्विफ्टवर, वॉटोपियाच्याच रस्त्यांवर. बायकांना आणि पुरुषांना तोच रस्ता, तेवढंच अंतर, पन्नास किलोमीटर, आणि बक्षिसाची रक्कमही सारखी. बायकांत दक्षिण आफ्रिकेची अॅश्ले मूलमन-पासिओ जिंकली. सारखी रक्कम म्हटल्यावर आमच्या मजुरीचा विषय निघाला, तो वेगळा.

पण पोरीनंच उत्तर दिलं. ती म्हणाली, "ही सायकल पडत नाही. मग मला तोल कशाचा येणार? ब्रेक कधी लावायचा, वळणावर किती झुकायचं, खड्डा कसा चुकवायचा, शेजारी दुसरी सायकल खेटून असली की हात कसा स्थिर ठेवायचा, हे ट्रेनर शिकवत नाही." आणि तिनं लिआ थॉर्विल्सनचं नाव घेतलं. अमेरिकेतली मॅरेथॉन धावणारी बाई. झ्विफ्टनं २०१६ मध्ये बायकांसाठी जी निवड स्पर्धा घेतली त्यात ती पहिली आली आणि तिला खऱ्या व्यावसायिक संघात जागा मिळाली. घरात कमावलेल्या ताकदीवर संघात शिरली, पण घोळक्यात चालवणं तिला रस्त्यावरच शिकावं लागलं.

आम्ही सहा जणी वडिलांकडं गेलो. त्यांना दोष दिला नाही. त्यांनी त्या रात्री पोरीला उचलून दवाखान्यात नेलं होतं, ते त्यांच्या डोळ्यापुढून जाणारं नाही. आम्ही एवढंच विचारलं, "कोणत्या अटीवर सोडाल ते सांगा." बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "अंधार पडल्यावर नाही. आणि मागं गाडी पाहिजे." आता रविवारी उजाडल्यावर ती निघते, तिचा काका मोटरसायकलवर मागं असतो. काकाला नाही जमलं तर आमच्यातली एक स्कूटीवर जाते. सायकलला मागं लाल दिवा आहे, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आहे. बाकी दिवस हंगाम संपेपर्यंत ट्रेनर, आणि पावसाळ्यातही ट्रेनर.

ट्रॉल्यांच्या मागं चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात म्हणून आम्ही एका कारखान्यात अर्ज घेऊन गेलो होतो. सह्या दोनशे चाळीस. अर्ज घेतला, पोच दिली. काही ट्रॉल्यांना पट्ट्या दिसतात आता, पुष्कळांना नाहीत. आम्ही पट्टीची गुंडाळी विकत आणून गावातल्या ट्रॉल्यांना स्वतःच चिकटवल्या. ड्रायव्हर लोकांनी अडवलं नाही, उलट एकानं चहा पाजला. पण बाहेरगावच्या ट्रॉल्या रात्रीच्या येतात आणि जातात.

फेब्रुवारीत जिल्ह्याची शर्यत झाली. पोरगी सातवी आली. सरळ रस्त्यावर ती पहिल्या तिघींत होती, आम्ही बघितलं. दोन वळणं आली तिथं तिनं ब्रेक जास्त धरला आणि मागं पडली. उतरल्यावर पहिलं वाक्य, "आजी, मला वळणं पाहिजेत." वडील तिथंच होते. काही बोलले नाहीत. परत येताना त्यांनी टेम्पो घाटाजवळ थांबवला आणि पोरीला विचारलं, "इथं रविवारी किती वाजता वर्दळ कमी असते गं?"

ट्रेनर सध्या आक्कांच्या पडवीत आहे. ज्या गटांना बघायचा असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते चार या वेळेत यावं. येताना नॅपकिन आणि पाण्याची बाटली आणा, ओढणी घरी ठेवून या. नटाच्या सायकलीवर बसवून बघायचं असेल तर मागच्या आसाचं माप घेऊन या, आमच्याकडं एकाच मापाचे नट आहेत. आणि पाच रुपये सुटे आणा, डब्यात सुटे नसतात.